आनंदीबाईंचं रोझेलमधलं घर



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर असतीलच. आपल्या बॅचमध्ये आठवणी सांगणारे माझ्याहून पट्टीचे आहेत, ते काम त्यांच्यावर सोपवते. मी लिहिणार आहे एका विद्यार्थिनीविषयी. ती आपल्या शाळेत कधीच नव्हती, पण आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. डॉ. आनंदीबाई जोशी.

वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी कुणी ना कुणी आनंदीबाईंवर बोलायचंच. लहानपणी लग्न झालं, नवऱ्यानं हट्टानं शिकवलं, समाजानं त्रास दिला, बाई एकट्या अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि लगेच वारल्या. पाच मिनिटांच्या भाषणात एवढंच बसायचं. अमेरिकेतली तीन वर्षं एका वाक्यात उरकायची. त्या तिथे राहिल्या कुठे, जेवल्या काय, आजारी पडल्या तेव्हा कुणाला कळवलं, हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही.

कामानिमित्त मी काही वर्षं न्यू जर्सीत होते. रोझेल हे गाव माझ्या राहत्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर होतं. आनंदीबाई अमेरिकेत पहिल्यांदा उतरल्या त्या याच गावात, हे तिथे गेल्यावर कळलं. मग मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता माझं लक्ष गोपाळरावांवरून हललं आणि थिओडिशिया कार्पेंटर या बाईवर जाऊन थांबलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ही गोष्ट त्या मावशींच्या घराच्या बाजूनं सांगायची आहे.

सुरुवात मात्र आपल्याकडूनच करावी लागेल. ३१ मार्च १८६५ हा आनंदीबाईंचा जन्मदिवस. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी, माहेरचं नाव यमुना. घराणं एकेकाळी खाऊनपिऊन सुखी, पण यमुनेच्या वेळेपर्यंत परिस्थिती उतरलेली. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशांशी झालं. गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर, बायकोपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा ध्यास. इतर घरांत बायकोनं पुस्तक हातात घेतलं म्हणून बोलणी बसायची. इथे अभ्यास टाळला म्हणून मार बसायचा. हे दोन्ही एकाच माणसात होतं, आणि आनंदीबाईंचं आयुष्य समजून घ्यायचं तर दोन्ही लक्षात ठेवावं लागतं.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाळंतिणीला आणि बाळाला बघायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरला दाखवायची रीत नाही, असा तो काळ. आपण डॉक्टर व्हायचं हे आनंदीबाईंच्या मनात पक्कं झालं ते या दुःखातून.

गोपाळरावांची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि शेवटी बंगाल. बायकोला पुढे शिकवायचं तर अमेरिकेत सोय होईल का, हे विचारायला त्यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात होते, तेव्हा अमेरिकेत प्रिन्स्टनला राहून मिशनरी कामाचं एक नियतकालिक चालवत. मदत मिळेल, पण आधी ख्रिस्ती व्हा, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ. गोपाळरावांना ते मान्य नव्हतं. विषय तिथेच मिटला असता, पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला.

आणि १८८० साली रोझेलच्या मिसेस कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. आपला नंबर येईपर्यंत समोर पडलेला अंक त्यांनी चाळायला घेतला आणि त्यात त्यांना ती पत्रं दिसली. हिंदुस्थानातली एक मुलगी शिकू पाहते आहे आणि तिला धर्म सोडायची अट घातली जाते आहे, एवढाच त्यातला मजकूर. बाईंनी घरी येऊन त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं.

आपण इंजिनिअर मंडळी योगायोगाला फार किंमत देत नाही. अंक डोळ्यांखालून गेलेले लोक पुष्कळ असणार. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते घरी गेल्यावर पत्र लिहिणं. दवाखान्याच्या बाकावर हळहळणं सोपं असतं. दौत, कागद काढून, नकाशातच पाहिलेल्या देशातल्या पोस्टाच्या कारकुनाच्या बायकोला आपल्या घराचा पत्ता कळवणं, हे वेगळं.

पुढे जवळजवळ तीन वर्षं दोघींचा पत्रव्यवहार चालला. पत्र जायला आणि उत्तर यायला आठवडेच्या आठवडे लागत. या पत्रांतून दोघी एकमेकींना आपापलं घर दाखवत राहिल्या. सण, व्रतं, लग्नाच्या चाली, बायकांचे कपडे, बालविवाहानं मुलींच्या तब्येतीचं काय होतं, असे विषय. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हाही बरी नसायची. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा चालूच. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधं पाठवली. मावशी हे नातं पत्रांतच जमलं, एकमेकींचं तोंड पाहण्याआधी. परक्या बाईला मावशी म्हणणं आपल्याला नवीन नाही. शेजारची, ओळखीची, कुणीही मावशी होते. पण समुद्रापलीकडच्या ख्रिस्ती बाईला ब्राह्मण घरातल्या मुलीनं मावशी म्हणणं १८८० च्या सुमारास सोपं नव्हतं.

गोपाळरावांना सोबत जाता येईना. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीनंच जावं असं ठरलं. यावर जे व्हायचं ते झालं. तेव्हा ते कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला होते. लोक नाना प्रश्न विचारत. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर सभेत इंग्रजीत भाषण केलं आणि एकेक प्रश्न घेऊन त्याचं उत्तर दिलं. अमेरिकेलाच का, हिंदुस्थानात सोय नाही का, एकटी का, जातीबाहेर टाकलं तर काय, असे ते प्रश्न. बाई डॉक्टरांची गरज त्यांनी सांगितली आणि आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ हेही ठामपणे सांगितलं. वय सतरा. आपण त्या वयात बारावीच्या मार्कांची काळजी करत होतो.

प्रवासासाठी दागिने विकले, काही मदत लोकांकडून आली. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट निघाली. अठरा वर्षं पूर्ण होऊन तेव्हा बरोबर एक आठवडा झाला होता. सोबतीला मिशनरी बायका. आनंदीबाई शाकाहारी, त्यामुळे बोटीवर खाण्याचे हालच. ४ जूनला न्यूयॉर्क आलं. धक्क्यावर कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या. ब्रुकलिनचा प्रसिद्ध पूल खुला होऊन तेव्हा अकराच दिवस झाले होते. सगळं शहर पूल बघायला लोटलेलं, आणि ही बाई बोटीतून उतरणारी नऊवारीतली मुलगी शोधत होती.

रोझेल लहानसं गाव. त्याची एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. एडिसननं खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लावायची पद्धत पहिल्यांदा एका अख्ख्या गावासाठी वापरली ती या रोझेलमध्ये, १९ जानेवारी १८८३ ला. म्हणजे आनंदीबाई तिथे पोहोचल्या तेव्हा गावात वीज येऊन पाच महिनेही झाले नव्हते. आपल्याकडे तेव्हा समईच्या आणि कंदिलाच्या उजेडात पुस्तकं वाचत होते.

या घरात आनंदीबाईंचे पहिले काही महिने गेले. घरात मिस्टर आणि मिसेस कार्पेंटर आणि त्यांची मुलं. आपल्यापैकी जे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशात कुणाच्या घरी राहिले आहेत त्यांना पहिल्या महिन्याचं अवघडलेपण ठाऊक असेल. न्हाणीघर किती वेळ वापरावं, भूक लागली तर सांगावं का, स्वयंपाकघरात शिरावं का. माया असली तरी पाहुणा तो पाहुणाच. आणि इथे तर पाहुणीचं खाणं वेगळं, कपडे वेगळे, देव वेगळा.

कार्पेंटरबाईंनी त्यातलं काहीच बदलायला लावलं नाही. आनंदीबाई साडीत राहिल्या, कपाळाला कुंकू आणि हातात बांगड्या तशाच राहिल्या, आपलं शाकाहारी जेवण त्या करू लागल्या. घरच्या मुलांशी त्यांचं छान जमलं. शेजारीपाजारी त्यांना बघायला येत, विचारत, त्याही न कंटाळता सांगत. एकदा तर हिंदू पद्धतीचं जेवण झालं आणि त्यासाठी अमेरिकन बायकांनी साड्या नेसल्या. हे वाचून मला हसू आलं. आजही परदेशात दिवाळीला आपल्याकडे हेच चालतं. पण आपण आपल्या सोसायटीत, आपल्या माणसांमध्ये असतो. ती मुलगी त्या गावात एकटी होती, आणि तिला एकटं वाटू नये म्हणून एक घर तिच्या चालीरीतींत शिरायला तयार झालं होतं.

वाइल्डर आणि कार्पेंटरबाई दोघेही ख्रिस्ती. एकानं मदतीआधी अट घातली. दुसरीनं अट घातली नाही, आधी दार उघडलं. आनंदीबाईंची डॉक्टरकी या फरकावर उभी आहे असं मला वाटतं.

त्याच घरातून त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज केला. स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठीच १८५० साली निघालेलं हे कॉलेज. अर्ज गेला कॉलेजचे सचिव अल्फ्रेड जोन्स यांच्याकडे. जवळ शाळा-कॉलेजचे दाखले म्हणावेत असे नव्हतेच. जे होतं ते त्यांनी सरळ मांडलं, आणि आपल्या देशातल्या, पुरुष डॉक्टरकडे जाऊ न शकणाऱ्या बायकांवर उपचार करायला शिकायचं आहे, हा हेतू सांगितला. कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. कॉलेजनं प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. शरद ऋतूत कार्पेंटरबाई स्वतः त्यांना फिलाडेल्फियाला पोहोचवून आल्या. आपल्या आईवडिलांनी आपल्याला हॉस्टेलवर सोडलं होतं, अगदी तसं.

इथून पुढचा भाग कठीण आहे. फिलाडेल्फिया म्हणजे रोझेल नव्हे. खोलीतली शेकोटी धड नव्हती, पेटवली की धूर कोंडायचा आणि विझवली की हाडं गोठायची. दोन्हींतून एक निवडायचं. नऊवारीनं पोटऱ्या उघड्या राहतात आणि बर्फातल्या थंडीत ती नेसणं हा स्वतःवरच अत्याचार. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीची पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. एवढ्याशा बदलासाठीही नवऱ्याला काय वाटेल याची चिंता त्यांना होती आणि तो बदल त्यांनी पत्रानं कळवला. शाकाहार सांभाळायचा म्हणजे अभ्यास आटोपून स्वतः रांधणं आलं. पोट धड भरत नसे. घटसर्पाचं आजारपण येऊन गेलं. आधीच नाजूक असलेली प्रकृती खालावत गेली.

अशा दिवसांत माणसाला एक पत्ता लागतो. आनंदीबाईंकडे तो होता. रोझेलला पत्रं जात होती, सुट्टीत रोझेलला जाता येत होतं. आज फिलाडेल्फियाहून रोझेलला गाडीनं दीड तास लागतो. मी तो रस्ता कामासाठी कितीदा केला आहे. तेव्हा रेल्वेनं जायला किती वेळ लागत असेल त्याचा हिशेब मी केला नाही, पण सुट्टी लागली की आपण कुठे जायचं, हा प्रश्न त्या मुलीला पडत नव्हता. होस्टेलवर दिवाळीच्या सुट्टीत मागे राहिलेल्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याची किंमत समजेल.

गोपाळरावांची पत्रंही येत होती आणि ती नेहमी आधार देणारी नसत. लांब राहून बायकोवर संशय घेणं, टोचून लिहिणं असायचं. आनंदीबाईंनी एका पत्रात त्यांना उत्तर दिलं. लहानपणी अंगावर फेकलेल्या वस्तू, बसलेला मार, सगळ्याची आठवण करून दिली. आणि तरीही शिक्षणासाठी त्यांचे उपकार मानले. हे पत्र आपल्या भाषणांत कधी आलं नाही. माझा स्वतःचा कयास असा, की असं पत्र लिहायला अंतर लागतं. आणि नुसतं अंतर पुरत नाही, आपल्याला कुणी हाकलून देणार नाही अशी एक जागा पाठीशी असावी लागते. पुढे गोपाळरावही अमेरिकेत आले, जागोजागी भाषणं देत फिरले, अमेरिकन बायकांवर आणि ख्रिस्ती धर्मावर टीका करत सुटले. ज्यांच्या आधारानं बायको शिकत होती त्यांच्यासमोर तिची किती ओढाताण झाली असेल, त्याची कल्पना आपल्यातल्या मैत्रिणींना करता येईल.

१० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तो मोबाइलवर पाहिला असेल. कॉलेजमधल्या तीन परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली. तिघींच्या चेहऱ्यावर हसू नाही, त्या काळी फोटोत कुणी हसत नसे. पण तीन देशांच्या तीन मुली एका शहरात डॉक्टरकी शिकत होत्या, आणि प्रत्येकीच्या मागे कुठे तरी कुणी तरी दार उघडलेलं असणार.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना एम. डी. ची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आयुर्वेदातलं जुनं ज्ञान आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकं, दोन्ही त्यांनी त्यात घेतली. ज्या बाळंतपणात त्यांचं मूल गेलं, तोच विषय त्यांनी निवडला. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आपल्या लहान मुलीला घेऊन मुद्दाम आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडे बातमी गेली आणि तिच्याकडून शुभेच्छा आल्या. त्याच वर्षी बंगालच्या कादंबिनी गांगुली कलकत्त्यात शिकून डॉक्टर झाल्या, हेही इथे नोंदवते.

कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ केली. पण क्षयानं आधीच घर केलं होतं. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या निघाल्या, १६ नोव्हेंबरला मुंबईला उतरल्या. स्वागत जोरात झालं. ज्यांनी नावं ठेवली होती तेही कौतुक करू लागले. कोल्हापूरच्या त्या विभागात मात्र त्यांना एकही रोगी तपासता आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला जेमतेम महिना उरला होता.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या. आपण अस्थी नाशिकला नेतो, काशीला नेतो. आनंदीबाईंच्या अस्थी हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावी गेल्या आणि कार्पेंटरबाईंनी त्या आपल्या माहेरच्यांच्या दफनभूमीत ठेवल्या. न्यूयॉर्कहून आगगाडीनं साधारण दोन तासांचा रस्ता. मी एका शनिवारी जाऊन आले. साधा दगड आहे. शिक्षणासाठी भारत सोडून आलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी त्यावर नोंद आहे. आजूबाजूला सगळी अमेरिकन नावं, त्यांच्या नातेवाइकांची. दगडाकडे बघताना एवढंच वाटलं की कार्पेंटरबाईंनी मावशी हा शब्द शेवटपर्यंत पाळला. घरच्या माणसाला जिथे जागा देतात तिथेच भाचीला दिली.

एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. या मायेनं आनंदीबाई वाचल्या का? नाही वाचल्या. रोझेलच्या घराला फिलाडेल्फियाची थंडी थोपवता आली नाही, अर्धपोटी अभ्यास थांबवता आला नाही आणि क्षयावर तेव्हा जगात कुणाकडेच औषध नव्हतं. मग त्या घराचा उपयोग काय झाला? मला वाटतं, ज्या कामासाठी ते दार उघडलं होतं ते काम झालं. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं, ती डॉक्टर झाली. आणि आपला धर्म, आपली साडी, आपलं जेवण यांतलं काहीही गहाण न टाकता झाली.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. पदवीदानाला आलेल्या रमाबाई नंतर जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. इथल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावना दिली ती डीन बॉडली यांनी. गावोगाव फिरून पैसे उभे केले आणि मुंबईत परतून शारदा सदन काढलं. विधवांनी आणि मुलींनी तिथे राहायचं आणि शिकायचं. ते सुरू झालं ११ मार्च १८८९ ला. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. मुद्दाम तो दिवस धरला की योगायोग, ते राहू दे. मुलीला शिकवायचं तर आधी तिला राहायला घर लागतं, हे रमाबाईंना पक्कं समजलेलं होतं.

आता आपल्याविषयी.

आपल्या वर्गात गणितात माझ्यापेक्षा हुशार अशा दोघी होत्या. नावं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहेत, आणि गणिताच्या सरांना तर नक्कीच. त्या इंजिनिअर झाल्या नाहीत. मार्क कमी पडले म्हणून नव्हे. पुण्यात त्यांचं कुणी नव्हतं, आणि हॉस्टेलचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. परक्या गावात मुलीला ठेवायचं कुणाच्या भरवशावर, हा प्रश्न त्यांच्या वडिलांनी विचारला आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही. माझी मावशी पुण्यात होती. दोन खोल्या, माणसं पाच, मी सहावी. चार वर्षं मी तिथे राहिले. सबमिशनच्या दिवसांत रात्री दोनपर्यंत दिवा चालू असायचा आणि काका तोंडावर चादर ओढून झोपायचे. मावशीनं माझ्याकडून एक पैसा घेतला नाही आणि एकदाही ते बोलून दाखवलं नाही. माझी डिग्री माझ्या हुशारीची आहे तेवढीच त्या दोन खोल्यांचीही आहे.

हे लिहायचं कारण एवढंच. यंदा शाळेत दहावीच्या वर्गात मुलांपेक्षा मुली जास्त आहेत, असं आपल्या बाईंनी फोनवर सांगितलं. बारावीनंतर त्यांतल्या किती बाहेर पडतील याची काळजी त्यांच्या आवाजात होती. शिष्यवृत्त्या आता आहेत, वसतिगृहंही आहेत, पण जागा थोड्या आणि यादी मोठी. आपली बॅच आज पुणे, मुंबई, नाशिक, ठाणे, बेंगळुरू आणि परदेशातही पसरली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात एक खोली पाहुण्यांसाठी म्हणून वर्षभर बंद असते. मुलं शिकायला बाहेर गेल्यावर तर ती बंदच राहते.

मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवायला मी आयोजकांना सांगितलं आहे. आपल्या शाळेतली मुलगी शिकायला आपल्या शहरात आली तर ती आपल्याकडे राहू शकेल, किंवा निदान दर रविवारी जेवायला येऊ शकेल, किंवा आजारी पडली तर रात्री-अपरात्री फोन करू शकेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या वहीत नाव आणि गाव लिहावं. वही शाळेत राहील. मुलीचे आईवडील आणि आपण एकमेकांना भेटून, घर बघून, मगच काय ते ठरवायचं. घाई नको आणि भिडेखातर तर नकोच.

लिहिण्याआधी एक गोष्ट मात्र मनाशी ठरवा. येणारी मुलगी आपल्यासारखी असेलच असं नाही. तिचं खाणं वेगळं असेल, बोलणं वेगळं असेल, देव वेगळा असेल, जात वेगळी असेल. रोझेलच्या बाईंनी यांतलं काही विचारलं नव्हतं. तेवढी तयारी असेल तर नाव लिहा. पहिल्या पानावर मी माझं लिहिलं आहे.